श्वास घेणारा पलंग

आमच्या घरातला एक पलंग श्वास घेत असे. ही गोष्ट मी पाहुण्यांना चहा झाल्यावरच सांगतो, कारण आधी सांगितली तर काही जण चहालाही थांबत नाहीत.

त्याचं असं झालं. माझा धाकटा भाऊ संतोष लग्नाचा झाला होता. नुसता झाला नव्हता, होऊन जुना झाला होता! आमच्या पालीत राजगड चढणारी माणसं गाड्या भरभरून येतात, पण नवरी म्हणून उतरायला कुणी तयार होईना. अखेर सारोळ्याच्या आरतीनं संतोषचा फोटो बघून चक्क होकार दिला. (फोटो संतोषचाच होता. मी मुद्दाम खात्री करून घेतली.) घोडं अडलं ते फक्त तिच्या मामांपाशी. मामा फोनवर म्हणाले, "पोरगं बरंय. पन नवराबायकोला सोतंत्र खोली पायजे. रविवारी येतो, खोली बघतो. पटली तर सुपारी तितंच फोडू, न्हाईतर राम राम."

म्हणजे संतोषचं लग्न आता एका खोलीवर लटकलं होतं. आणि खोली म्हणावी अशी एकच शिल्लक होती, माजघराच्या मागची, गोठ्याला चिकटलेली. तिच्यात भाताची पोती असत. इतकी लहान, की आत जाऊन शिंकायचं तर दार उघडं ठेवावं लागे!

"हितं दोघं निजनार कसं?" आई म्हणाली. "एकानं कूस बदलली तर दुसरा भाईर पडंल."

"जागा कमी नसती आई, डोकं कमी पडतं," मी म्हणालो.

"त्येच म्हन्ते म्या," आई म्हणाली आणि माझ्याकडं जरा जास्तच वेळ बघत राहिली.

पण मी हटणारा नव्हतो. लहान खोली मोठी कशी करावी, याचे व्हिडिओ मी मोबाईलवर इतके पाहिले होते, की मला काडेपेटीत चाळ बांधता आली असती. पोती हलवली. छतापर्यंत फळ्या मारल्या. दाराच्या मागं खुंट्या ठोकल्या. मग नसरापूरच्या एका बंद पडलेल्या सलूनमधला भिंतभर आरसा टेम्पोत घालून आणला आणि समोरच्या भिंतीवर चढवला. खोली एकदम दुप्पट झाली! आई आत आली, तर तिला समोरून आणखी एक आई येताना दिसली. तिनं हातातलं ताट टाकलं, आणि त्या दिवसापासून त्या खोलीत पाऊल टाकताना ती आरशातल्या बाईला "सरक गं" म्हणू लागली.

माझी खरी करामत मात्र पलंग. लोखंडी पलंगाच्या चारी कोपऱ्यांना दोर बांधले, चारांचा एक केला, तो आढ्याला टांगलेल्या विहिरीच्या जुन्या कप्पीवरनं घेतला आणि झरोक्यातून मागं गोठ्यात सोडला. टोकाला एक फास. गोठ्यात लांबच्या खुंट्याला फास अडकवला, की पलंग वर छताला. भिंतीजवळच्या खुंट्याला अडकवला, की पलंग खाली. दिवसा खाली मोकळी जमीन, निजायच्या वेळी पलंग! वडिलांना, म्हणजे आमच्या आबांना, मी हे सगळं समजावून सांगितलं. आबांनी ऐकलं, मान डोलवली आणि विचारलं, "पन म्हशीला ताप न्हाई न्हवं?" आबा दिवसभर जनावरामागं असत आणि जगातली प्रत्येक गोष्ट म्हशीच्या बाजूनं बघत.

म्हशीचं नाव बिजली. (चाल बघून ठेवलेलं नाही.)

पहिल्याच संध्याकाळी मी कारखान्यातून आलो. श्रावण सरत आलेला. वेल्ह्याकडच्या डोंगरावरून धुकं उतरतं ते गावात येतं, अंगणात येतं, आणि दार उघडं दिसलं तर विचारल्याशिवाय घरात येतं. तसं ते आलेलं. वीज गेलेली. मी नवी खोली दाखवायला बायकोला, सुमनला, घेऊन गेलो. दार ढकललं.

सकाळी छताला लावून गेलेला पलंग अर्ध्यावर आला होता.

आणि हलत होता. वारा नव्हता. तरी चार बोटं वर… थांबला… चार बोटं खाली. पुन्हा वर… पुन्हा खाली. करकर… करकर… आरशात दुसरा पलंग, तोही तसाच.

"आवं," सुमन हळूच म्हणाली, "ह्यो श्वास घेतोय."

"दोर ताणतोय. नवा हाय. पावसाळी हवेत दोराला असं होतं," मी म्हणालो. माझा आवाज माझ्या ओळखीचा वाटला नाही.

तेवढ्यात भिंतीतून आवाज आला. खोल, लांबलचक, छातीच्या तळातून काढलेला सुस्कारा. "हुंऽऽऽफ!"

मागं जाऊन दोर बघायची माझी तयारी होती. हिंमतही होती. फक्त चप्पल सापडली नाही. सकाळी लख्ख उजेडात गेलो, तेव्हा आबा म्हैस घेऊन रानात गेले होते, आणि फास लांबच्या खुंट्याला जसाच्या तसा! पलंगही वर, छताला. जणू रात्रभर जागचा हललाच नव्हता.

मी ही गोष्ट आईच्या कानावर घालायला नको होती. तिनं हातातली भाकरी तव्यावरच सोडली.

"तात्या!" ती म्हणाली.

तात्या म्हणजे आबांचे चुलते. ते त्याच खोलीत राहायचे, आणि मी लहान असताना तिथंच वारले. "आयुष्यभर म्हनायचं, मला एक पलंग घ्या रं. कुनी घेतला न्हाई. जन्मभर भुईवर निजले बिचारे. आता पलंग आलाय म्हनल्यावर निजनार न्हाई व्हय?"

"आई, असलं काही नसतं."

"मग कोन निजतंय? तू?"

आईनं पलंगावर कागदाच्या पुडीत तंबाखूची चिमूट आणि चुन्याची डबी ठेवली. तात्यांना लागायची. दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा धुकं, पुन्हा करकर, पुन्हा तो सुस्कारा. सकाळी पाहतो तर पुडी उलटी आणि तंबाखू गायब! डबी मात्र होती.

"चुना तेवढा कमीच खायचे," आई म्हणाली. डोळ्यांत पाणी.

संतोषचं तोंड शेवाळलेल्या भिंतीसारखं हिरवं झालं. "दादा, तात्या आधीच झोपलेत तितं. मी नि आरती कुठं झोपायचं?"

"तात्या लाजाळू होते," मी म्हणालो. "जोडपं आलं की उठून जातील."

बोललो खरं, पण त्या दिवसापासून मी त्या खोलीवरून जाताना खाकरू लागलो. माजघरातून परसाकडं जायचं तर घराला वळसा घालू लागलो. एकदा तर घाईत माझ्या तोंडून "तात्या, येऊ का?" असं निघून गेलं, आणि आतून खरोखर "हुंऽऽफ" असं उत्तर आलं! पुढचं मला आठवत नाही. सुमन सांगते, मी तुळशीपाशी उभा होतो आणि हातात कुणाचं तरी लहान पोर होतं. आमच्या घरात तेव्हा लहान पोर नव्हतं.

रविवार उजाडला, म्हणजे तसं म्हणायचं, कारण उजेड नव्हताच. भर दुपारी धुकं इतकं दाट, की पाहुण्यांची जीप दारात उभी राहिली तरी आम्हाला फक्त तिचा हॉर्न दिसला. वीज नव्हती. मामा उतरले. उंचपुरे, भरदार, पांढरीशुभ्र टोपी. संगती आरतीचे वडील, मवाळ माणूस, जे बोलायच्या आधी मामांकडं बघत आणि मग बोलत नसत.

मी आधीच पलंग खाली उतरवून, फास जवळच्या खुंट्याला लावून आलो होतो. स्वतः! संतोषला बरोबर घेऊन, त्याचा हात धरून. (त्याला भीती वाटू नये म्हणून.)

मामा खोलीत शिरले. बाकी आम्ही दारात, कारण मामा शिरल्यावर खोली संपली.

"आं! दिसती तेवढी बारकी न्हाई की," मामा आरशाकडं बघून म्हणाले. संतोषनं माझा हात दाबला. मामांनी मोबाईल काढला. "थांबा, पोरीलाच दावतो." पडद्यावर आरती आली, तुटक तुटक, आवाज कुठून तरी खोल आडातून आल्यासारखा. "मामा… अंधार… लई अंधार हाय…"

"धुकं हाय गं. ह्यो बघ पलंग. बसून दावतो."

मामा बसले. मग पाय वर घेतले. मग मोबाईल छातीवर धरून चक्क आडवे झाले. "झ्याक हाय!" म्हणाले. संतोषच्या चेहऱ्यावर हळद चढू लागली.

आणि करकर झाली.

चार बोटं वर. थांबला. चार बोटं खाली.

मामांच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, फक्त त्याच्या आतले मामा निघून गेले. "पावनं," ते अगदी हळू म्हणाले, "ह्यो पलंग… दम घेतोय का वो?"

"दोर नवा हाय," मी म्हणालो.

भिंतीतून, अगदी मामांच्या कानाशी, सुस्कारा आला. "हुंऽऽऽऽफ!"

"तात्या, पावनं हायत ते! उठा!" आई दारातून ओरडली.

"कोन तात्या?" मामा ओरडले.

"ह्या खोलीतच वारले," आईनं अदबीनं ओळख करून दिली.

यावर मामांनी जी बोंब ठोकली, ती गडाच्या संजीवनी माचीपर्यंत गेली असावी. आणि त्या बोंबेसरशी पलंग सूंऽऽ करून वर गेला! मामांसकट! आरशातूनही एक मामा वर गेले. धाडकन् आवाज आला, आढ्यावरची माती पडली, आणि पलंग व छत यांच्यामध्ये मामा करंजीतल्या सारणासारखे बंद झाले. खाली एक टोपी तरंगत आली. मोबाईल जमिनीवर पडला, आणि त्यातून आरतीचा आवाज घुमला, "मामा? वर कुठं निघालाय?"

आरतीचे वडील आयुष्यात पहिल्यांदा आपणहून बोलले. ते म्हणाले, "देवा!"

मी हात जोडले. लाज वाटते सांगायला, पण मी म्हणालो, "तात्या, ह्यांना सोडा, मला न्या." (मनात नव्हतं. दिसायला बरं म्हणून.) माझ्या मागं सुमन नव्हती. ती घराला वळसा घालून, एकटी, धुक्यात गोठ्यात गेली होती. तिची चप्पल जागेवर सापडली म्हणायची.

झरोक्यातून तिचा आवाज आला. "आबा! ह्या म्हशीला कशानं बांधलंय तुमी?"

"दाव्यानं. आनि कशानं बांधत्यात?"

"आवं, ह्यो पलंगाचा दोर हाय!"

"गोठ्यात असतंय ते दावंच असतंय," आबा शांतपणे म्हणाले. "थोरल्यानं लई डोकं लढीवलंय गं. वरनं सोडलंय दावं, म्हंजी पायात गुतत न्हाई. म्या रोज सांच्याला ह्येलाच बांधतो. सकाळी फास परत खुट्याला. ज्याची चीज त्याच्या जागी. आज धुक्यानं लवकर आनली."

तर असं होतं. बिजली रवंथ करताना मान हलवी, आणि पलंग श्वास घेई. ती भिंतीशी नाक लावून फुसकारे, आणि आम्ही तात्यांची क्षमा मागत असू. पुडीही पलंगाच्या हिसक्यानंच उलटली होती, आणि चिमूटभर तंबाखू फटीतून सांडली होती. मामांच्या बोंबेनं ती दचकून पळाली, ती थेट कडब्याच्या पेंढीपाशी जाऊन थांबली.

"मग आना की तिला हिकडं!" मी ओरडलो.

"खाऊ दे. खाताना जनावराला वढू न्हाई," आबा म्हणाले.

बिजलीनं पेंढी संपवली, तोवर मामा वरच होते. उतरले, तेव्हा कोळिष्टकांनी जावळ काढायच्या आधीच्या बाळासारखे दिसत होते. टोपी झटकली, घातली. "सुपारी फुटनार न्हाई," ते म्हणाले. "आमची पोर आमी म्हशीच्या भरवशावर निजवायची न्हाई."

संतोष मटकन खाली बसला. आई पदर तोंडाला लावून उभी. मी बोलायला तोंड उघडलं, आणि घरातल्या झाडून सगळ्यांनी एकदम "तू गप!" म्हटलं. आरतीचे वडीलसुद्धा.

आणि तेवढ्यात जमिनीवरचा मोबाईल हसू लागला. आधी खुसखुस, मग खदाखदा. थांबेचना! "मामा," आरती म्हणाली, "असलं घर मला सारोळ्यात कुठं मिळनार? म्या तितंच जानार. पन त्या खोलीत न्हाई."

"मग कुठं?" मामा.

"थोरल्या दादांची खोली केवढी हाय?"

झरोक्यातून आबांचा आवाज आला. "ऐसपैस हाय. दोन खिडक्या."

"मग ती आमाला द्या. ज्येंना जागेचं येवढं कळतंय, ते ऱ्हातील हितं."

मामांनी माझ्याकडं बघितलं. मग त्यांच्या पोटातून हसू आलं, आणि कोळिष्टकं उडाली. सुपारी त्याच खोलीच्या उंबऱ्यावर फुटली. आरती आता आमच्या खिडकीत उभी राहून केस विंचरते, आणि संतोष तिच्याकडं बघत उभा राहतो. तेवढं ऐसपैस उभं राहायला तिथं जागा आहे.

परवा शेजारच्या काकूंनी सुमनला विचारलं, "एवढ्याशा खोलीत अडचन हुत आसंल न्हाई?"

"छ्या! घरातली न लागनारी येकच चीज हुती, ती तितं बरोबर मावली," सुमन म्हणाली. "म्या निजते माजघरात."