टीम हरली आणि मेल्विन निघाला

मंडळी, आज अमेरिकन फुटबॉलमुळे ऑफिसच्या वॉशरूममध्ये रडलोय. हसू नका.

मेल्विन माझा रूममेट, वसईचा. दुबईत अल मनखूलच्या आमच्या फ्लॅटवर हा खेळ त्यानेच मला शिकवला. मध्यंतरी त्याची नोकरी गेली. घरी परतायचं ठरलंच होतं, पण म्हणाला, "आपली टीम प्लेऑफमध्ये आहे तोवर मी इथंच."

टीम गटात पहिली आलेली. मी निवांत! आयपीएलसारखं पहिल्या नंबरला हरल्यावरही दुसरा चान्स असेल, असंच धरून चाललो होतो.

आज पहाटे हरलो. मी म्हटलं, "टेन्शन नको, अजून एक चान्स आहे ना?"

"नाय रे बाबा. पहिल्याला फक्त पहिल्या राउंडला सुट्टी. पूर्वी तर प्लेऑफला दोनच टीम, एकच मॅच. आता टीम वाढल्या, पण हरला की खलास."

आणि माझ्यासमोरच त्याने शुक्रवारचं तिकीट काढलं.

"अरे, फायनल तरी बघून जा!"

"आपण नाय, तर काय बघायचं?"

मी पुन्हा रेफ्रीलाच शिव्या घालत बसलो. "नको जाऊस" एवढं तोंडातून निघालंच नाही.

तुम्ही कसं सांगता हो मित्राला?