आरशासारखा लॅपटॉप

बेल्ह्यात माझं फ्लेक्स डिझाइनचं दुकान आहे. जुना लॅपटॉप बिघडला तेव्हा मी चकाकी नसलेला, मॅट स्क्रीनचा मागितला. "तसले आता येत नाय, राव. हा बघा, आरशासारखा," विकणारा कौतुकानं म्हणाला. आरसा मला दाढीला लागतो, कामाला नाही. पण शेवटी तोच घ्यावा लागला. दारातल्या उजेडात त्याच्या स्क्रीनवर रंग सोडून सगळं दिसतं.

परवा एक म्हातारबाबा भावाच्या दशक्रियेचा फ्लेक्स बघायला आले. लॅपटॉपवर डिझाइन उघडून दाखवलं. वर 'भावपूर्ण श्रद्धांजली' लिहिलं होतं. खाली फोटोची जागा अजून काळीच होती. बाबा वाकले. त्या काळ्या जागेत त्यांना स्वतःचाच चेहरा दिसला. टोपी नीट करत ते शांतपणे म्हणाले, "फोटो लई भारी आलाय, भाऊ. पण आमाला अजून येळ हाये."