नवऱ्याची सही

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. आमच्या यांनाही नाही – आणि यांना तर मी दवाखान्यात झुरळ निघालं तरी घरी येऊन सांगते.

डोंबिवलीतल्या एका प्रसूतिगृहात मी काउंटर सांभाळते. केसपेपर, संमतीचे फॉर्म, सगळं माझ्याकडे. सहा वर्षांपूर्वी दिव्याहून सुजाता नावाची बाई आली. घरी दोन वर्षांची मुलगी. वागळे इस्टेटमधल्या औषधांच्या कारखान्यात पॅकिंगला होती, नुकतीच सुपरवायझर झालेली. पुन्हा दिवस राहिले होते आणि तिला ते मूल नको होतं.

मी म्हटलं, नवऱ्याची सही लागेल.

लागत नाही. सज्ञान बाईची स्वतःची सही पुरते, कायदा एवढंच मागतो. काही ठिकाणी सवयीनं नवऱ्याची घेतात, पण आमच्या डॉक्टरबाई कधीच घेत नसत. मला हे पक्कं ठाऊक होतं.

मग का म्हटलं? देवाधर्माचं म्हणाल तर – छे, मी साधी चतुर्थीही धरत नाही. मला आपलं वाटायचं, मूल दोघांचं, मग एकटीनं परस्पर कसं ठरवायचं? आजही मला हा मुद्दा अगदीच टाकाऊ वाटत नाही. पण मग तो मी तिच्यापुढे मांडला का नाही? मांडला असता तर तिनं उत्तर दिलं असतं – पोटात वाढवणार मी, नोकरी सुटणार माझी, त्याचं काय? ते उत्तर मला नको होतं. म्हणून मी माझं मत नियम म्हणून सांगितलं.

"तो सही नाय देणार, मॅडम. त्याला पाहिजेच आहे."

मी खांदे उडवले. डॉक्टरबाई आत मोकळ्याच बसल्या होत्या – एक हाक मारायची होती फक्त. सुजातानं फॉर्मची घडी घातली आणि ती गेली.

दीड वर्षानं ती मुलाला लस द्यायला आली. पोरगं इतकं गोड, माझं बोटच सोडेना. तिची नोकरी सुटलेली. तुम्ही म्हणाल, मग झालं ते बरंच झालं की! मीही मनाची अशीच समजूत घालून पाहिली. पण पोर गोड निघालं म्हणून मी बोलले ते खरं होतं का? तिनं त्याला जीव लावला, तो तिचा मोठेपणा. माझा त्यात काडीचाही वाटा नाही.

निघताना ती काउंटरपाशी थांबली. "त्या दिवशी तुमच्यावर लय चिडलेली मी, ताई. पण नियमच तसा – तुम्ही तरी काय करणार?"

मी म्हटलं, "हो ना."