दारात ठेवलेलं कपाट

मंडळी, रस्त्यावरची वस्तू टाकून दिलेली आहे, हे कुणी ठरवायचं?

टाकलेल्या फर्निचरचे फोटो मी काढते, तुम्ही बघताच. आज रेणापूरला एका घरासमोर पलंग आणि लोखंडी कपाट उन्हात दिसलं. "नकोसा झालेला संसार" असं लिहून फोटो लगेच पोस्ट केला.

तेवढ्यात त्या घरातून एक मावशी बाहेर आल्या. "नकोसं न्हाई बाई, लेकीच्या लग्नातलं आंदण हाय. तिला आन् ह्या सामानाला सकाळीच आणून सोडलं सासरच्यांनी. शिकलेली दिसतीस, इचारायचं तरी!"

कपाटावर लेकीचं नाव रंगवलेलं होतं. फोटोतही ते स्पष्ट वाचता येत होतं. ती दाराआड उभी होती.

माझ्या घरातली पहिली पदवीधर मी, पण साधं विचारायचं सुचलं नव्हतं. तिच्यासमोरच फोटो डिलीट केला. मग आम्ही तिघींनी मिळून कपाट आत नेलं.