गाडीचं पाणी

हे मी कुणाजवळही बोललेले नाही. आमच्या यांच्याजवळ नाही, सख्ख्या बहिणीजवळही नाही. तुमच्याजवळ बोलते आहे, कारण तुम्ही अप्पांना पाहिलेलं नाही. ज्यांनी त्यांना पाहिलं त्यांच्यासमोर माझी जीभ रेटत नाही — कितीदा तरी सुरुवात केली आणि दर वेळी चहा टाकायला उठले.

आधी गाडीचं सांगते. ते सांगताना मला अजूनही छान वाटतं.

नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. डोंबिवलीत आमच्या गल्लीत तेव्हा दारात स्कूटर असणं म्हणजे पुष्कळ झालं, आणि आमच्या यांनी काय घ्यावं? — विजेवर चालणारी मोटार! कुठल्याशा छोट्या कंपनीने काढलेली, पुढे दोघं आणि मागे अंग चोरून बसणारा एक, एवढीच. नवं यंत्र दिसलं की आमचे हे पाघळतात. पेट्रोल नको, धूर नको, आवाज नको, असं महिनाभर घरात चाललं होतं. शेजारच्या काकूंनी तर मला बाजूला घेऊन विचारलं, "पावसात शॉक नाही ना गं बसत?"

गाडी ताब्यात घ्यायला आम्ही ठाण्याला गेलो — हे, मी आणि माझे सासरे, अप्पा. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या होत्या. त्यांच्या अस्थी घेऊन अप्पा काशीला गेले आणि येताना गंगेच्या पाण्याचा तांब्याचा गडू घेऊन आले. तेव्हापासून घरात कुठलीही नवी वस्तू आली की तिला त्या गडूतलं पळीभर पाणी. शिलाई मशीन, फ्रीज, माझा मिक्सरसुद्धा. "तुझ्या सासूचा हात लागला असं समज," म्हणायचे. पाणी कमी झालं की त्यात साधं पाणी घालत. आत थेंबभर गंगा असली की वरचं सगळं गंगाच, असं त्यांचं गणित. गडू घासायचेही तेच, दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसत.

शोरूममधल्या माणसाने सीट उचलून खालच्या बॅटऱ्या दाखवल्या, बुचं उघडली आणि समजावून सांगितलं — यातलं पाणी कमी होत राहतं, वरून घालायचं ते फक्त डिस्टिल्ड वॉटर. नळाचं चुकूनही नाही, बॅटऱ्या खराब होतात. मी मान डोलवत होते, तेवढ्यात अप्पा पुढे झाले आणि त्यांनी बरोबर आणलेल्या गडूतली पळी रिकामी केली. गाडीवर नाही — थेट पहिल्या बॅटरीच्या तोंडात! यांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. तो माणूस मात्र हसला. "असू द्या आजोबा, पळीभराने काय होतंय."

मग चाकांखाली लिंबं ठेवली, नारळ फोडला, मी बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं आणि निघालो. मुंब्र्याच्या पुढे चढावर एक सायकलवाला आम्हाला मागे टाकून गेला. जाताना त्याने हातही केला. यांनी कपाळाला हात लावला, आणि अप्पा मागून म्हणाले, "अरे, घाई कुणाला आहे?" इतकं हसलो आम्ही! घरी आल्यावर पहिल्या मजल्याच्या खिडकीतून वायर खाली सोडली आणि गाडी चार्जिंगला लावली, तर अर्धी गल्ली बघायला जमली.

आणि खरं सुख पुढेच होतं. मी ती गाडी चालवायला शिकले. हे कामावर गेले की गाडी माझी. अप्पांना शेजारी बसवून भाजी आणायला जायची, कल्याणला मैत्रिणीकडे जायची, एकदा तर वाटेत चार्ज करत करत खडवलीला नदीवर गेलो. अप्पा सिग्नलला थांबलं की शेजारच्या रिक्षावाल्याला सांगायचे, "आमची सून चालवते. आवाज येतोय का बघा!" माहेरी, सासरी, कुणीही माझं इतकं कौतुक केलेलं नव्हतं.

बॅटऱ्यांचं पाणी मी आपण होऊन माझ्याकडे घेतलं होतं. "तुम्ही लक्षसुद्धा घालू नका," असं यांना ऐटीत सांगितलं होतं.

हं. आता तेच सांगायचं आहे.

त्या दिवशी मैत्रिणींना घेऊन हळदीकुंकवाला जायचं होतं. सीट उचलली, पाणी खाली गेलेलं. कॅन बघितला, रिकामा. दुकान स्टेशनजवळ. साडी नेसून झालेली, मैत्रिणी खाली उभ्या. मी वर गेले, स्वयंपाकघरातल्या नळाखाली तांब्या धरला आणि सगळ्या बॅटऱ्यांत थोडं थोडं घातलं. मला माहीत नव्हतं का? माहीत होतं. त्या माणसाचं वाक्य कानात होतं. पण गाडी चालली — छान चालली. मग पुढच्या वेळी पुन्हा तोच तांब्या. आणि त्याच्या पुढच्या वेळीही. कॅन आणायला कोण जाणार? असं कितीतरी दिवस चाललं.

मग गाडी दमायला लागली. आधी कल्याण गाठेना, नंतर भाजीबाजारही गाठेना. कंपनीचा मेकॅनिक आला, त्याने बुचं उघडली, आत वाकून पाहिलं आणि म्हणाला, "काका, बाहेरचं पाणी गेलंय आत. सगळ्यांत."

सगळ्यांत, असं म्हणाला तो. अप्पांची पळी एकाच बॅटरीत गेली होती, ती पण मुळात भरलेल्या. हे कुणाच्याच लक्षात आलं नाही. यांनी ते ऐकलं आणि सरळ अप्पांकडे वळले. "झालं समाधान? सांगत होतो, असले प्रकार गाडीत नकोत म्हणून!"

मी तिथेच होते. हातात पाण्याचा ट्रे घेऊन.

अप्पांनी एकदा गाडीकडे पाहिलं. "माझंच चुकलं रे," म्हणाले. "मला काय ठाऊक, यंत्राला नाही चालत ते." आणि आत गेले. मी काय केलं? मी मेकॅनिकला विचारलं, चहा घेणार का.

बॅटऱ्या नव्या आल्या. गाडी पुन्हा पहिल्यासारखी पळायला लागली, मी मुकाट्याने स्टेशनवरून कॅन आणायला लागले आणि अप्पा पुन्हा माझ्या शेजारी बसायला लागले. आमचे दिवस चांगलेच गेले, हे मी खोटं सांगणार नाही. यांचा राग दोन दिवसांत उतरला, उरला तो विनोद. पाहुणे आले की हे सांगायचे — आमच्या अप्पांनी मोटारीला गंगाजल पाजलं आणि तिला सद्गती दिली! सगळे हसायचे. अप्पाही हसायचे, मान खाली घालून. मीही हसायचे. कधी हे विसरले, तर मीच आठवण करून द्यायचे — "अहो, ते गाडीचं सांगा ना." का करत होते मी असं? गोष्ट जितकी सांगितली जाईल तितकी ती खरी होईल, असं वाटत असणार.

वॉशिंग मशीन आलं त्या दिवशी मी स्वतः अप्पांना हाक मारली. "अप्पा, पळी आणताय ना?" ते दारातच उभे राहिले, हात पाठीमागे. "नको गं सुमन. माझ्या हातून आणखी काही बिघडायला नको." तेव्हा मला सांगता आलं असतं. घरात आम्ही दोघंच होतो.

अप्पा गेले ते घरीच, दुपारी, फारसा त्रास न होता. डॉक्टर म्हणाले, आता थोडाच वेळ. यांनी अप्पांचं डोकं मांडीवर घेतलं आणि मला म्हणाले, "गडू आण." मी देवघरातून गडू उचलला, तर तो हलका लागला. झाकण काढलं. आत स्वच्छ घासलेला, कोरडा. अप्पांनी तो कधी ओतून टाकला होता कोण जाणे. थेंबभर जरी उरलं असतं —

बाहेरून यांनी हाक मारली. मी स्वयंपाकघरात गेले. नळ सोडला, गडू भरला, तुळशीचं पान टाकलं आणि पळीसकट यांच्या हातात दिला. यांनी ते पाणी अप्पांच्या तोंडात घातलं. अप्पांनी ते गिळलं, मी पाहिलं.