बाद ठरलेले सात नमुने

"हे सात नमुने बाद कर," मॅडम म्हणाल्या. "काँटॅमिनेशन आहे." म्हणजे एका नळीतला थेंब दुसऱ्या नळ्यांत गेला.

मी तंजावूरच्या एका कॅन्सर लॅबमध्ये एम.एस्सी.चा प्रोजेक्ट करत होते. मॅडम लॅबच्या प्रमुख. आमच्याकडे कॅन्सरच्या पेशंटचा आणि निरोगी म्हाताऱ्या माणसांचा, असा खूप मोठा जीनोम डेटा आहे. जीनोम म्हणजे पेशीत लिहिलेली सगळी माहिती. तिच्यात एखादं अक्षर वेगळं निघालं की तो व्हेरियंट. बहुतेक व्हेरियंट निरुपद्रवी असतात, थोडे कॅन्सर आणतात. कोणता कसला हे ठरवायला पुष्कळ माणसांचा डेटा लागतो.

त्या आठवड्यात प्रश्न होता रिपोर्ट घेऊन लॅबमध्ये आलेल्या कल्याणीअक्कांचा. वय एकतीस, धडधाकट, पण आईला अंडाशयाचा कॅन्सर झालेला. बाहेरच्या लॅबने त्यांच्या एका व्हेरियंटला 'बहुधा घातक' म्हटलं होतं. मोठा आधार हा, की जगभरच्या डेटात तो कुणातच नव्हता; निरुपद्रवी असता तर निरोगी माणसांत कुठेतरी दिसला असता. सर्जननी दोन्ही अंडाशय काढायला सोमवारची तारीख दिली होती. अक्कांना मूल नव्हतं. त्याही आमच्यासारख्या, शेकडो वर्षांपासून इथेच राहिलेल्या तंजावूरच्या मराठी. मला एवढंच म्हणाल्या, "एकदा नीट बघ गे."

बघितलं, तर तो व्हेरियंट आमच्या डेटातल्या सात निरोगी बायकांत! पण सातही नमुने रक्त गोळा करायच्या एकाच कॅम्पचे. म्हणून मॅडमना शंका.

तो कॅम्प राजवाड्याजवळच्या गल्लीत झाला होता. फॉर्म मीच भरले होते. आज्यांशी मराठीत गप्पा मारत मारत मातृभाषेच्या रकान्यात सगळ्यांची 'तमिळ' लिहिली होती. आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिलीच. प्रोजेक्ट काढून घेतला तर?

"मॅडम, चूक माझी आहे. त्या सगळ्या मराठी आहेत. आमच्यात पिढ्यानपिढ्या लग्नं आपसातच. मामाशी, आत्तेभावाशी. एकच व्हेरियंट सात घरांत असू शकतो."

"मग तमिळ का लिहिलंस? झोपली होतीस?"

"नाही मॅडम. शाळेपासून माझ्या स्वतःच्या फॉर्मवरही मी तमिळच लिहिते."

त्या हसल्या. "नर्सला घेऊन जा. सातही जणींचं नवीन रक्त आण. आजच."

"परत?" एक आजी हात पुढे करत म्हणाल्या. "पहिलं सांडलंस वाटतं?"

शुक्रवारी निकाल आला. नव्या नळ्या, वेगळी तपासणी, आणि सातही जणींत तोच व्हेरियंट! सगळ्या सत्तरीपुढच्या, कॅन्सर एकीलाही नाही. मी लॅबमध्ये चक्क ओरडले. तो आमच्यात इतका सर्रास आहे, की घातक असता तर घरोघरी कॅन्सर दिसला असता.

शनिवारी मॅडमनी सर्जनना सगळं दाखवलं. ऑपरेशन रद्द झालं. आईच्या आजाराचं कारण अजून सापडलेलं नाही, त्यामुळे अक्कांच्या तपासण्या चालू राहतील. फोनवर त्या आधी रडल्या, मग म्हणाल्या, "जेवायला कधी येतेस?"

जगाच्या डेटात आम्ही नव्हतो, आणि तंजावूरच्या डेटातून मीच आम्हाला खोडलं होतं. आता कॅम्पमध्ये मी मातृभाषा विचारत नाही. घरात काय बोलता, ते विचारते.