शेठची गाडी आणि माझी सोयरीक

आमच्या राई गावात त्या काळी एकच मोटार होती, आणि ती शेठची होती. शेठ म्हणजे कोणी पिढीजात व्यापारी नव्हे. खाडीकाठच्या तिवरांत त्याच्या हातभट्ट्या होत्या आणि होड्यांतून चोरटा माल उतरायचा, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. लोक त्याची दारू प्यायचे आणि रस्त्यात तो दिसला की नजर चुकवायचे.

माझी सोयरीक सरपंचांच्या पुतण्याशी जमली होती. साठचं दशक संपत आलं होतं. सरपंच सत्तेतल्या पक्षाचे, तर माझा दादा विरोधी पक्षाचा तरुण कार्यकर्ता. वडील गेल्यापासून घर आणि शेती तोच बघायचा. तरीही साखरपुडा झाला, कारण आमचं आणि त्यांचं मिठागर बांधाला बांध लागून होतं, आणि राजकारण चावडीवर ठेवायचं, घरात आणायचं नाही, असं तेव्हा मानत. मुलगा रेल्वेच्या कारखान्यात फिटर होता. अबोल होता. मला आवडला होता, एवढं आज सांगायला हरकत नाही.

त्या उन्हाळ्यात एका दुपारी सरपंचांच्या बायकोच्या पोटात असह्य कळा सुरू झाल्या. वैदूचा काढा झाला, भगताचा अंगारा झाला. शेवटी शेठने न मागता गाडी पाठवली. पुतण्याने काकूला उचलून गाडीत घातलं आणि मुंबईच्या मोठ्या इस्पितळात नेलं. ऑपरेशन झालं, बाई वाचली. गावाला बरं वाटलं, आमच्या घरालाही. दादा स्वतः त्यांना बघायला जाऊन आला.

पावसाळ्यानंतर ग्रामपंचायतीने मुरमाचा रस्ता काढला. कोळीवाड्यातल्या बायका चिखलातून टोपल्या वाहत होत्या, त्यांना रस्ता देण्याचं कबूल झालं होतं. प्रत्यक्षात रस्ता आधी गेला शेठच्या खाडीकाठच्या गोदामापर्यंत. सरपंच म्हणाले, तिकडची जमीन पक्की आहे, म्हणून आधी तिकडे. कुणाचाच विश्वास बसला नाही. खरं तर माझाही नाही.

निवडणूक तोंडावर होती. देवळासमोरच्या सभेत दादा बोलायला उभा राहिला. आम्ही बायका मागे ओट्यावर बसलो होतो. तो म्हणाला, "ज्याच्या गाडीत बसलात, त्याच्याच दारात रस्ता गेला." टाळ्या थांबेनात. माझ्या शेजारच्या बायका माझ्याकडे बघायला लागल्या, कारण गाडीत कोण कोण बसलं होतं ते सगळ्यांना माहीत होतं.

घरी आल्यावर दादाने आईला सांगितलं की सोयरीक मोडतोय. ज्या घराचं दारूवाल्याशी साटंलोटं आहे त्या घरात बहीण दिली तर लोक आपल्या तोंडात शेण घालतील, म्हणाला. आई म्हणाली, पोरीला विचार तरी. त्याने विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी साखरपुड्याची साडी आणि अंगठी परत गेली.

मुलगा मला एकदाच भेटला, मिठागराच्या बांधावर. मी मिठाच्या राशी झाकायला माडाच्या झावळ्यांची झापं घेऊन चालले होते. मला वाटलं तो दादाला शिव्या घालील. तो म्हणाला, "तुझ्या दादाचं खोटं न्हाय. गाडीत बसलोच होतो आम्ही. काकू मरत होती, म्हणून बसलो." मी झापं सावरून बांधावरून पुढे चालू लागले. पुढच्या वर्षी त्याने पेणकडची मुलगी केली.

सरपंच पडले. दादाचा पक्ष पंचायतीत आला, दादा सदस्य झाला. जुन्या सरपंचांच्या दारात सत्यनारायणालाही कुणी जाईना. त्यांच्या बाजूची माणसं तेव्हा म्हणायची की गाडीत बसणं ही खासगी बाब आहे, तिच्यावर राजकारण करू नये.

मला स्थळं येत होती आणि जात होती. मोडलेल्या सोयरिकीची मुलगी म्हणजे काहीतरी असणारच, असं लोकांना वाटायचं. मी भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांच्या एका गाळ्यात पॅकिंगचं काम धरलं. कागदात गुंडाळलेली ताटं खोक्यात भरायची. गाळ्याची मालकीण गुजराती होती, हिशेबाला कडक, पण वागायला सरळ.

दरम्यान आमच्या गावच्या शेठने देवळाला नवा सभामंडप बांधून दिला. मग शाळेला बाकं दिली. सत्तरच्या दशकाच्या मध्यावर एका निवडणुकीत दादाच्या पक्षाचा प्रचार त्याच गाडीतून फिरताना मी पाहिला. पुढच्या सीटवर दादा होता, हातात कर्णा. गोदामाचा मुरमाचा रस्ता डांबरी झाला. कोळीवाड्यातला चिखल तसाच राहिला. सभेत त्यावर कुणी बोललं नाही, कारण बोलणारा आता गाडीत होता.

एका रविवारी शेठ आमच्या घरी आला. दादाने त्याला वडिलांच्या खुर्चीवर बसवलं आणि मला चहा आणायला सांगितलं. चहा पिता पिता शेठने स्वतःच्या भाच्यासाठी मला मागणी घातली. भाचा गोदाम सांभाळायचा. दादा हसून म्हणाला, घरात विचारून कळवतो. या खेपेला विचारायचं त्याच्या लक्षात राहिलं.

शेठ गेल्यावर मी विचारलं, "तेव्हा याच्या गाडीत बसले म्हणून माझं लग्न मोडलंस ना, दादा?"

तो चिडला नाही. चिडला असता तर बरं झालं असतं. मला समजावत म्हणाला, "तेव्हाची गोष्ट वेगळी होती. आता तो आपला माणूस हाय."

मी नाही म्हटलं. आईनेही या वेळी माझी बाजू घेतली आणि डाळीचं सूप आपटून आत निघून गेली. दादा वर्षभर माझ्याशी धड बोलला नाही. शेठच्या मनाला लागलं, पक्षात आपली अडचण झाली, हेच त्याच्या मनात राहिलं.

पुढे शेठच्या गोदामावर धाड पडली. दादाच्या पक्षाने पत्रक काढलं की हे विरोधकांचं कारस्थान आहे, एका समाजसेवकाला गुंतवलंय. आणि मोर्चा कुणी काढावा? जुन्या सरपंचांच्या पक्षाने. ज्यांना एकेकाळी ती खासगी बाब वाटायची, ते आता दादाचंच जुनं वाक्य ओरडत गावातून गेले. जामिनासाठी दादा दिवसभर पोलीस चौकीच्या बाकावर बसून होता. शेठ सुटला आणि पुढच्या निवडणुकीत त्याने दोन्ही बाजूंना गाड्या दिल्या. तोवर त्याच्याकडे दोन झाल्या होत्या.

जुने सरपंच त्याच सुमाराला वारले. मी बाराव्यानंतर त्यांच्या बायकोला भेटायला गेले. तिने मला जवळ बसवलं, हात धरला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ती त्या विषयावर बोलली. "तुज्या दादानं आमच्याबद्दल खोटं सांगितलं न्हाय, बाय. पन खरं त्याने एकदाच सांगितलं." मग तिने विचारलं, जेवलीस का. मी न जेवता आले होते. तिने भात वाढला, वालाचं कालवण वाढलं. पुतण्याचा मुलगा पाटावर बसून आमच्याकडे टकमक बघत होता. मी त्याला नाव विचारलं नाही.

दादा आणि मी एकाच घरात राहिलो, चुली वेगळ्या केल्या. सणाला तो ताट पाठवायचा, मी घ्यायची. दोघांत भांडण असं नव्हतं. माझं लग्न शेवटपर्यंत झालं नाही, त्याबद्दल तो पाहुण्यांना सांगायचा की बहिणीला संसाराची आवड नव्हती. पाहुणे माना डोलवायचे, आणि मी भिंतीपलीकडे भांडी घासत ते ऐकायची.